वासावरून ओळख

औरंगपुऱ्यात वाढलेल्या माणसाला डोळे बांधून सोडलं तरी तो बरोबर आपल्या दारात येऊन उभा राहील, असं आमचे बाबा म्हणायचे. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. माझ्या लहानपणी पैठण गेटकडून आत आलं की आधी मंडईचा वास यायचा. सकाळी कोथिंबीर, संध्याकाळी ओली गोणपाटं आणि पायाखाली आलेले टोमॅटो. मग वह्यापुस्तकांची दुकानं. जूनमध्ये तिथे नुसता खाकी कव्हरांचा आणि डिंकाचा वास. गुलमंडीकडे वळलं की तळणाचा. गल्लीत कुणाकडे पापड भाजू लागले, कुणाकडे लोणच्याची फोडणी पडली, हे न बघता कळायचं.

मावशीच्या घराला एक वास होता. आत्याच्या घराला वेगळा, थोडा डांबरगोळ्यांचा. शेजारच्या काकूंच्या घराला देवघरातल्या कापराचा. वास नव्हता तो फक्त आमच्या घराला. म्हणजे असणारच, पण मला तो कधीच आला नाही. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि पहिल्या सुट्टीत घरी जाऊन दार उघडलं तेव्हा पाचेक सेकंद आला, आणि मग गेला. तुमचंही असंच झालं असेल, बघा आठवून.

असो. आजचा लेख मुंग्यांवर आहे. गेले काही वीकांत मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. कारण थोड्या वेळाने सांगतो.

मुंगीच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो, हायड्रोकार्बनच्या लांब लांब साखळ्यांचा. त्याचं मूळ काम अंगातलं पाणी उडू न देणं. एवढासा जीव आणि वर मराठवाड्याचा मे महिना; हा थर नसेल तर वाळून खडखडीत होईल. पण या थरात कुठली साखळी किती, हे प्रमाण प्रत्येक वसाहतीत थोडं वेगळं असतं. म्हणजे अंगाला चोपडलेलं व्हॅसलीन आणि गळ्यातलं ओळखपत्र एकच. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थांबून मिशा लावतात ना, तेव्हा गप्पा चाललेल्या नसतात. कार्ड स्वाइप होत असतं.

हा वास काही अंशी आनुवंशिक, काही अंशी खाण्यातला आणि घरातला. शिवाय मुंग्या एकमेकींना चाटतात, आपल्या पोटातलं अन्न दुसरीच्या तोंडात देतात. त्यातून हे मेणही फिरतं, घशाजवळच्या एका ग्रंथीत सगळ्यांचं मिळून मिसळतं आणि पुन्हा सगळ्यांच्या अंगाला लागतं. एका ताटात जेवणाऱ्यांचा एक वास, इतकं सरळ. वेगळी काढून ठेवलेली मुंगी बऱ्याच दिवसांनी परत सोडली तर घरच्याच तिच्याकडे संशयाने बघतात.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न: हा फायरवॉल चालतो कसा? ‘ओळखीचा असेल तर आत घे, बाकी सगळे बाहेर’ असा, की ‘संशयास्पद वाटला तरच अडव, बाकी सगळ्यांना येऊ दे’ असा? आपण सर्व्हरवर पहिला नियम लावतो. मला वाटायचं मुंग्याही तेच करत असणार. पण २००५ साली जपानी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की आपल्याकडच्या मुंगळ्याच्या तिकडच्या एका चुलतबहिणीच्या मिशांवरचे ठरावीक केस परक्या वसाहतीच्या मेणाला प्रतिसाद देतात, घरच्या मेणाला देत नाहीत. घरचा वास तिथे जवळजवळ शून्य. पुढे यावर वाद झाले, घरचा वासही मुंगीला कळतो असे पुरावे आले. पण २०२०च्या सुमारास अमेरिकेत वँडरबिल्ट विद्यापीठात मुंग्यांची वास घेण्याची यंत्रणा औषधाने बिघडवून बघितली, तेव्हा त्या परक्या मुंग्यांवर तुटून पडल्या नाहीत. उलट भांडणंच कमी झाली. शत्रू म्हणायलाही ठोस वास लागतो. वास आला नाही, तर वैरही नाही.

आमच्या घराला वास का नव्हता, याचं उत्तर अर्थात यात नाही. माणसाच्या नाकाला सवय होते ती वेगळ्या कारणांनी. तरी वाचताना मावशीचं घर आठवलंच.

अजून एक प्रयोग सांगतो, टेस्टिंग करणाऱ्यांना आवडेल. अॅरिझोनाच्या वाळवंटात धान्य गोळा करणाऱ्या लाल मुंग्या असतात. सकाळी आधी काही गस्तवाल्या बाहेर जातात, त्या सुखरूप परत आल्या की मगच बाकीच्या दाणे गोळा करायला निघतात. डेबोरा गॉर्डन आणि मायकल ग्रीन यांनी २००३ साली गस्तवाल्या उचलून घेतल्या आणि त्यांच्याऐवजी बारीक काचेचे मणी बिळात टाकले. मण्यांना गस्तवाल्यांच्या अंगाचं मेण लावलेलं. मणी ठरावीक वेगाने पडू लागले आणि आतल्या मुंग्या कामाला निघाल्या! पाय नाहीत, डोकं नाही, नुसता वास लावलेला काचेचा मणी, आणि तो सहकारी म्हणून चालला. याहून स्वच्छ मॉक ऑब्जेक्ट मी आमच्या कोडबेसमध्ये पाहिलेला नाही. :)

आणि जिच्यामुळे मी या विषयात अडकलो ती गोष्ट: कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुंगीला जवळजवळ वास नसतो. फिकट, मऊ, कोरी. अशी मुंगी परक्या वसाहतीत ठेवली तरी बऱ्याच जातींमध्ये तिला कुणी काही करत नाही. चाटतात, भरवतात, आणि काही दिवसांत तिला त्या घराचा वास लागतो. दुसऱ्यांचे कोश पळवून आणणाऱ्या मुंग्यांच्या जाती आहेत, त्यांचा सगळा कारभार यावरच चालतो. पळवलेली पोर बाहेर येते, तिला जो वास पहिला मिळतो तेच तिचं घर, आणि ती जन्मभर तिथे राबते.

आता कारण.

एप्रिल २०२१ मध्ये आईला कोविड झाला. घरीच बरी झाली, पण वास गेला. तेव्हा अनेकांचा जात होता, महिन्या-दोन महिन्यांत परत येत होता. तिचा आला नाही. पहिल्यांदा आम्ही ते हसण्यावारी नेलं, तीही नेत होती. फोडणी करपली तरी उभी. दूध नासलंय हे चहा फाटल्यावर कळायचं. गॅसचा वास येणार नाही म्हणून मी शेगडीजवळ एक अलार्म बसवला. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन घालतात, आणि नेमकं तेच आमच्याकडे निरुपयोगी झालं होतं. मुंग्यांवर मात्र तिचा भरवसा वाढला. “डब्याचं झाकण सैल राहिलं वाटतं, मुंग्या येऊ लागल्या,” म्हणायची. गुळाचा पाक कुठे सांडलाय हे तिला नाक सांगायचं, आता मुंग्यांची रांग सांगायची.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बहीण बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीच्या खोलीचा वास तुम्हाला माहीत असेल. ओवा-शेपांची धुरी, तिळाचं तेल, दूध, ओलसर दुपटी. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही तो दारातच आत ओढतो. आई सगळं करत होती, तेल लावणं, अंघोळ घालणं, शेक. हात सराईत. आठव्या-दहाव्या दिवशी मी गेलो, तेव्हा बाळ तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या टाळूला नाक लावून बसली होती. बराच वेळ. मग म्हणाली, “काहीच नाही रे. दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेतल्यासारखं वाटू लागलं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

टाळू हुंगणं ही काही आमच्याच घरची सवय नाही. रामायण-महाभारतात वडीलधारी माणसं मुलांना भेटली की त्यांचं मस्तक हुंगतात, असं वर्णन परत परत येतं. आपण पप्पी घेतो त्या जागी ते हुंगतात. म्हणजे आपल्याकडे हे किती जुनं आहे बघा, आणि किती गृहीत धरलेलं.

तर, मुंगीचं नाकच काढून घेतलं तर काय होईल? हा प्रश्न माझ्याआधी अर्थातच शास्त्रज्ञांना पडला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकत्र आले. दोन वेगळ्या गटांनी, दोन वेगळ्या जातींच्या मुंग्यांवर, एकच गोष्ट केली होती: क्रिस्परने ‘ऑर्को’ नावाचं एक जनुक मोडलं. मुंगीला वास ओळखणारे काही शे रिसेप्टर असतात (फळमाशीला साठेक), आणि ते बहुतेक सगळे चालायला ऑर्कोची जोड लागते. शेकडो सर्व्हिसेस, आणि सगळ्या एकाच लायब्ररीवर उभ्या. ती काढली की सगळं बंद.

यातली एक जात आपल्या सह्याद्रीतली आहे. जर्डन या इंग्रज डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने १८५१ मध्ये तिचं वर्णन केलं; तिचे लांब जबडे आणि उडी मारण्याची सवय यावरून ती ओळखली जाते. जगभरच्या प्रयोगशाळांत फिरणाऱ्या तिच्या वसाहती मूळ कर्नाटकातून गेलेल्या. तिचे डोळे मुंगीच्या मानाने प्रचंड मोठे, शिकार ती बघून करते. तेव्हा वाटेल, हिला वास नसला तरी निभेल. नाही निभलं. ऑर्को मोडलेल्या मुंग्या घर सोडून भटकत राहिल्या, शिकार जमेना, अंडी कमी घातली गेली, पिल्लांकडे लक्ष नाही. दुसऱ्या जातीतल्या मुंग्यांना माग धरता येईना; बाकीच्या एकत्र गोळा होऊन बसायच्या तेव्हा या एकट्याच फिरत असायच्या.

याहून विचित्र गोष्ट मेंदूत दिसली. मुंगीच्या मेंदूत वासाच्या तारा जिथे येऊन पोचतात तिथे बारीक बारीक गाठी असतात. दुसऱ्या जातीत त्या साधारण ५०० असतात, ऑर्को नसलेल्या मुंगीत ९०च्या आसपास. फळमाशीत हेच जनुक मोडलं तर वास जातो, पण गाठी जागेवर राहतात. हार्डवेअर शाबूत, फक्त सिग्नल नाही. मुंगीत हार्डवेअरच घडत नाही. नाक चालू असल्याशिवाय मुंगीचा मेंदू मुंगीचा होत नाही, असं म्हणावं लागतं.

मला यात धक्का बसला तो असा. आपण समजतो की आधी समाज असतो, आणि वास हे त्यातलं निरोप पोचवायचं साधन, आपल्या ईमेलसारखं. ईमेल बंद पडलं तर कंपनी अडखळते पण कंपनी उरते. मुंग्यांचं तसं नाही. वास काढला तर समाजापासून सुटलेली, स्वतंत्र वगैरे मुंगी हाती लागत नाही. हाती लागतो तो कशाशीच संबंध नसलेला, एकटा फिरणारा किडा.

त्याच सह्याद्रीतल्या मुंगीची अजून एक गंमत आहे. राणी मेली की तिचा वास हळूहळू विरतो, आणि साध्या कामकरी मुंग्यांत मिशांचं द्वंद्व सुरू होतं. चाळीस-चाळीस दिवस चालतं. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. सात महिन्यांचं त्यांचं आयुष्य चार वर्षांपर्यंत वाढतं आणि मेंदू पाचव्या हिश्श्याहून जास्त आक्रसतो. २०२१ मध्ये असं दिसलं की अशीला पुन्हा कामकरी व्हायला भाग पाडलं तर मेंदू परत पहिल्याएवढा होतो. एक वास हवेतून गेला म्हणून अख्खं शरीर बदलतं. पण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, एखाद्या पुढच्या शनिवारी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आम्हा आयटीवाल्यांना कुठलंही रूपक मिळालं की ते शेवटपर्यंत ताणायची खोड असते. आई मुंगी नाही. ती नातीला आवाजाने ओळखत होती, रडण्यावरून भूक की झोप हे तिला डॉक्टरांआधी कळत होतं. माणसाचं घर दहा खांबांवर उभं असतं, त्यातला एक गेला. पण तो एक किती वजन उचलत होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. आमच्याकडे येणंजाणं कमी केलं. ज्या बाईने अख्ख्या गल्लीला चकल्या वाटल्या ती “चव कशी झाली कळत नाही, कुणाला कशाला द्यायचं” म्हणू लागली. आणि दिवसातून तीनदा बहिणीला विचारायची, “माझ्या अंगाला वास येऊ लागला का गं? घराला येतो का?”

हा प्रश्न मला तेव्हा निव्वळ चिंतेखोरपणा वाटला होता. मग एडवर्ड विल्सनचा १९५८चा प्रयोग वाचला. मुंगी मेली की लगेच कुणी दखल घेत नाही. दोनेक दिवसांनी प्रेतात ओलेइक आम्ल तयार होतं, आणि तो वास आला की दुसरी मुंगी ते उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकते. विल्सनने तो वास जिवंत मुंग्यांना लावला. बाकीच्यांनी त्यांना उचललं, पाय झाडत असताना, आणि नेऊन ढिगावर टाकलं. त्या परत आल्या, पुन्हा टाकल्या गेल्या. अंग चाटून पुरतं साफ होईपर्यंत त्या मेलेल्याच. हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात. मला मात्र त्यात आईची भीती दिसली: सगळ्यांना माझ्याबद्दल काहीतरी कळतंय, ते मला कळत नाही, आणि ते सांगणारही नाहीत.

२०२३च्या सुरुवातीला एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सुचवला. चार वास: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, तो वास आठवत हुंगायचं. महिनोन् महिने. यामागचा तर्क साधा आहे. नाकातल्या वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, त्यांना काम देत राहायचं. हमी कुणी देत नाही. गुलाबाचं अत्तर, निलगिरीचं तेल बाजारातून आणलं, बाकी दोन स्वयंपाकघरात होतंच. मी पुण्याहून रोज रात्री फोन करून विचारायचो, जसं बिल्ड पास झाली का विचारतात तसं. उत्तर ठरलेलं: “नाही.”

पाचव्या महिन्यात लवंग आली. मग निलगिरी, पण ती नाकात झोंबते म्हणून मोजायची की नाही यावर आमचा वाद आहे. कांदा परतताना काहीतरी जळकं, घाणेरडं यायला लागलं. तिला वाटलं आजार वाढला. डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे, तारा जुळतायत, फक्त चुकीच्या ठिकाणी. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या घरी बिनकांद्याचा स्वयंपाक झाला, आणि बाबांचं म्हणणं की चातुर्मास वर्षभर लांबला. गुलाब अजूनही नाही. निम्मं नाक परत आलंय म्हणू या. या संक्रांतीला तिने आपणहून बायका बोलावल्या.

भाची आता शाळेत जाते आणि मुंग्यांच्या बाबतीत माझी सहकारी आहे. मागच्या वीकांताला आम्ही फाइनमनचा प्रयोग केला. पॅसाडेनातल्या घरात मुंग्या आल्या तेव्हा त्याने साखर ठेवली आणि घरी परतणाऱ्या प्रत्येक मुंगीमागे रंगीत पेन्सिलीने रेघ ओढत गेला. पहिलीची वाट वेडीवाकडी, पुढची त्याहून थोडी सरळ, अशी करत शेवटी सुबक रेषा. आमच्याकडे शहाबादी फरशी असल्यामुळे पेन्सिल छान उमटते. गुळाचा खडा ठेवला, लाल बारीक मुंग्या आल्या, आणि सात-आठ रेघांनंतर खरंच वळणं कापली गेली. कुणी नकाशा काढत नाही. प्रत्येक जण मागचीचा वास अंदाजे धरते, कोपरा थोडा चुकवते, आणि जवळच्या वाटेवर फेऱ्या जास्त होऊन वास गडद होतो. मार्को डोरिगोने १९९२ मध्ये याच कल्पनेवर पीएचडी केली आणि ‘अँट कॉलनी’ अल्गोरिदम आले. त्यातली कळीची गोष्ट लोक विसरतात: वास उडून गेला पाहिजे. उडाला नाही तर संपलेल्या गुळाकडे मुंग्या जातच राहतील. प्रत्येक कॅशला टीटीएल हवा, हे ज्यांनी रात्री दोनला प्रॉडक्शनमध्ये शिकलंय त्यांना पटेल.

मग भाचीने रांगेवर आडवं बोट फिरवलं. अठराव्या शतकात शार्ल बोनेने हेच केलं होतं, पण हे तिला ठाऊक नाही. दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या जागी थबकल्या, मागे वळल्या, मिशा हलवत घुटमळल्या. तीनेक मिनिटांनी एक जण धीर करून पलीकडे गेली, मग दुसरी.

“यांना काय झालं?” भाची.

“वास पुसला गेला त्यांचा,” आई दारातून म्हणाली. तिच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं, फिनेलमध्ये बुडवलेलं. “पुसू का आता?”

“थांब ना आजी! अजून दोघी तिकडंच राहिल्या.”

आई फडकं बादलीत टाकून खाली बसली.